पाव्हण्याचं पोरगं

रविवार, २ फेब्रुवारी

मसालेवाला दर दिवाळीला अशी एक जाड डायरी देतो. आजवरच्या सगळ्या डायऱ्या गल्ल्याच्या टेबलाचा डुगडुगता पाय टेकवायला गेल्या. या वर्षीची काढून झटकून घेतली, कारण आज एक काम अंगावर घेतलंय आणि त्याबद्दल कुणाशी बोलावंसं वाटत नाही. बायकोशी, राजाबाईशी, बोलावं तर ती माझं वाक्य संपायच्या आत निकाल देते.

दुपारची गर्दी ओसरल्यावर सूनबाई, रुपाली, गल्ल्यापाशी आली. म्हणाली, "मामा, गुरुच्या शाळेतल्या श्रावणी मॅडम म्हणतात, त्याला बाहेर जेवायची सवय लावायची. आठवड्यातून एकदा, एकच ठिकाण, एकच वेळ. मी दोनदा नेऊन बघितलं. दोन्ही वेळा अर्ध्यातून उठून आले. लोक बघायला लागले की मलाच बसवत नाही. तुम्ही हॉटेलातले. तुम्ही न्या की."

गुरु माझा एकुलता नातू, आठ वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला औषधाचं नाव वाटलं होतं. आपल्यासारखं बोलत नाही तो. कानावर पडलेलं साठवतो आणि ज्याचं बोलणं त्याच्याच आवाजात परत देतो. एसटी स्टँडवरची बाई, कुकरची शिट्टी, मी गल्ल्यावरून देतो ती "दोन भाकरी जादा!" अशी हाक, सगळं हुबेहूब. माझं आधीचं खाकरणंसुद्धा सोडत नाही. हे त्याच्यात कुठून आलं कळत नाही. आमच्यात असं कुणी नाही.

मी म्हणालो, "घरची खानावळ असताना दुसरीकडं कशाला?"

"घरच्या खानावळीत तो गिऱ्हाईक नाही, मामा. इथं त्याला आत नेऊन बसवतात."

कोण नेऊन बसवतं ते ती बोलली नाही. मीच बसवतो. गर्दी वाढली की वाढपी ईरप्पाला सांगतो, "गुरुला आत घे, त्याला गलका सोसत नाही." ते खोटंही नाही.

मुलगा बिरप्पा पुण्याला नोकरीला. जूनपासून बायको-पोराला तिकडं न्यायचं म्हणतो, शाळाही बघून ठेवलीय. रुपालीच टाळतेय. आज बोलता बोलता म्हणाली, "इथं त्याला अज्जा आहे, म्हणून मी थांबलेय." ती दुधनीची, आजोबाला अज्जा म्हणते. ते ऐकून मी हो म्हणून बसलो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाळीवेशीतलं वीरभद्रप्पाचं हॉटेल निवडलं. सकाळचा नाश्ता उरकलेला आणि दुपारचं जेवण सुरू व्हायचं असतं त्या मधल्या वेळेत हॉटेल श्वास घेतं. हे धंद्यातल्या माणसालाच माहीत. मिक्सरपासून लांबचं टेबल धरलं. गुरु शांत बसला. फरशीवरच्या रेघा बघत होता.

घोटाळा वीरभद्रप्पाच्या प्रेमाने केला. "जोतीअण्णा, माझ्या हॉटेलात! आज वाट चुकलात व्हय?" म्हणत स्वतः डोसा घेऊन आला. लोण्याचा गोळा ठेवला आणि वरून चटणीचा डाव ओतला. "खा रे लेकरा, लाजू नगो."

गुरुला अन्नाला अन्न लागलेलं चालत नाही. डोसा कोरडा पाहिजे, चटणी लांब. त्या ओल्या डागाकडं तो बघत राहिला, मग कानांवर हात ठेवून असा ओरडला की भट्टीवरचा माणूस बाहेर आला. ताट खाली. वीरभद्रप्पा डाव हातात धरून उभा, त्याचा चेहरा बघवेना.

डाव येताना मी बघितला होता. थांबवता आला असता. पण वाढणाऱ्याचा हात धरायचा? माझी सगळी खानावळ आग्रहावर चालते. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी अर्धी भाकरी टाकतोच मी.

रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं होतं की त्यांना."

"अगं, आग्रहाला नको कसं म्हणायचं?"

"नको असंच म्हणायचं, मामा."

सोमवार, १० फेब्रुवारी

एकटा जाऊन वीरभद्रप्पाला समजावून आलो. डोसा कोरडा, चटणी वेगळ्या ताटलीत, टेबलापाशी कुणी यायचं नाही, बोलायचं नाही.

"म्हंजे म्या वाढायचं न्हाय?"

"न्हाय."

"मग हॉटेल कशाला काढलं म्या?" रुसला. पण चहा पाजलाच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जमलं! डोसा निम्मा खाल्ला. कडेचा कुरकुरीत भाग आधी, गोल गोल, मग आतला. चटणीला हात लावला नाही. मध्येच "दोन भाकरी जादा!" ओरडला. वीरभद्रप्पाचा वाढपी दचकून आत पळाला आणि भाकरी नाहीच म्हणून परत आला. मी खूप हसलो.

मला मात्र घाम सुटला होता. काय ते हॉटेल चालवतो वीरभद्रप्पा! पंखा करकरतो, खुर्च्या फरशीवर ओढतात, चमचे फेकल्यासारखे टाकतात, वर मोबाईलवर गाणं. सगळं एकदम कानात शिरतं. कसं बसतं गिऱ्हाईक कुणास ठाऊक. मी नुसता चहा घेतला, तोही संपला नाही.

माझे कान तिखट आहेत, हे इथं लिहून ठेवतो. गल्ल्यावर डोळे मिटून बसलो तरी आत कुणाची भाकरी नीट थापली जात नाही ते थापेवरून सांगतो. बाप मैंदर्गीकडं मेंढरं राखायचा. त्याला लांबून घंटीवरून कळायचं, कुठलं मेंढरू मागं राहिलं. त्याच्यामागं हिंडून कान तयार झाले. सोलापुरात आलो ते ताटं घासायला. पुढं जे झालं ते निम्मं या कानांनी झालं. गिऱ्हाईक कुरकुरायच्या आधी मी टेबलापाशी हजर असतो.

राजाबाईला पंख्याचं सांगितलं तर म्हणते, "तुमी तरी कदी चारचौघांत जेवलाय व्हय? लग्नात बी मांडवामागं आचाऱ्यापाशी हुबं ऱ्हाऊन जेवता. आन् हितं कोठीत, भिताडाकडं तोंड करून."

म्हटलं, ती धंद्याची सवय.

"व्हय, व्हय. धंद्याचीच," म्हणाली आणि उगाच हसत आत गेली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज पूर्ण डोसा. दारात शिरल्यावर गुरु माझ्या आधी टेबलाकडं गेला. येताना रिक्षात माझ्या खांद्याला डोकं टेकवलं. तो असं कुणाला करत नाही. रुपालीला सांगितलं तर तिने पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. बिरप्पाचा फोन आला तेव्हा तिला बोलताना ऐकलं: "जूनची घाई नको हो. अण्णांबरोबर फार छान चाललंय त्याचं."

भिंतीपलीकडचं ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.

मंगळवार, ४ मार्च

आजही गेलो. डोसा खाल्ला. ऊन वाढलंय. मिक्सर सुरू झाला तेव्हा गुरु त्याच्या सुरात सूर लावून हूं हूं करत हात फडफडवत होता, पण ओरडला नाही. प्रगतीच म्हणायची.

धान्यवाला चनबसप्पा भेटला. शेजारच्या टेबलावर होता. काहीबाही विचारलं. मीही काहीतरी बोललो आणि विषय ज्वारीच्या भावावर नेला.

बाकी विशेष नाही.

गुरुवार, ६ मार्च

विशेष आहे. परवा लिहिलं नाही, आता लिहितो.

चनबसप्पाने विचारलं होतं, "अण्णा, ह्ये कोण? नातू व्हय?" गुरु तेव्हा हात फडफडवत होता. तीन-चार टेबलांवरची माणसं बघत होती. चनबसप्पाची पेढी म्हणजे आख्ख्या बाजाराचा कान. माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय वो. पाव्हण्याचं हाय, पाव्हण्याचं." आणि हसलो. अवघडलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळून घेताना हसतो तसं.

मला वाटलं, वाऱ्यावर गेलं.

आज संध्याकाळी सगळे घरात. रुपाली शेंगा निवडत होती, राजाबाई दिवा लावत होती. गुरु खिडकीशी उभा. आधी खाकरला, माझ्यासारखा. मग माझ्या आवाजात म्हणाला, "न्हाय वो. पाव्हण्याचं हाय, पाव्हण्याचं." आणि ते हसणं. ते हसणं मी कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. फार वाईट हसतो मी.

रुपालीचा हात शेंगांत थांबला. तिने गुरुकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काही बोलेन म्हणून थांबली. मी खानावळीत काम आहे म्हणून उठलो.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी ती स्वतःच आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, चढलेल्या आवाजाला काय करायचं ते मला येतं.

"कुणाला सांगितलंत?"

"चनबसप्पाला. अगं, त्याच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून. गुरुच्याच भल्यासाठी..."

"त्याच्या भल्यासाठी?"

मी गल्ल्यातली चिल्लर परत मोजायला घेतली.

"मामा, लोक बघतात त्याचं मला आता काही वाटत नाही. तुम्ही बाजूला बसलेले असता म्हणून वाटत नव्हतं." पदर खोचला. "पुढच्या मंगळवारी राहू द्या. जूनचं मी यांना कळवते."

मी म्हणालो, "एका शब्दासाठी?" हे म्हणायला नको होतं. ती जिन्यावर पोचली होती, तरी तिला ऐकू गेलं. पाऊल थांबल्याचं मी ऐकलं.

मंगळवार, ११ मार्च

नेहमीच्या वेळेला गल्ल्यावर बसून राहिलो. वर घरात गुरुची पावलं खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. मग माझा आवाज: "पाव्हण्याचं हाय, पाव्हण्याचं." पुन्हा पुन्हा. ईरप्पाने वर बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुसलेलंच टेबल पुसायला लागला.

पोरगं मला ऐकवतंय. दुसरं काय?

शुक्रवार, १४ मार्च

एक शक्कल केली. रुपाली बाजारात गेली तेव्हा गुरुला समोर बसवून म्हणत राहिलो, "माझा नातू हाय, माझा नातू." खाकरून म्हटलं, हसून म्हटलं, गल्ल्यावरच्या आवाजात म्हटलं. दर खेपेला एक काजू. काजू घेतले, शब्द घेतले नाहीत. शेवटी काजू एका रांगेत लावून निघून गेला.

राजाबाई दारात उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. एरवी तिची पावलं मला ऐकू येतात.

"पोपट हाय व्हय त्यो?" म्हणाली. "शिकीवल्यालं त्यो धरत न्हाय. तुमी पोटातनं बोलला तेवडंच धरतोय."

"ते काय पोटातनं नव्हतं."

"मग कुटनं आलं?"

मी रांगेतले काजू उचलून डब्यात भरले.

बुधवार, १९ मार्च

ठरवून चनबसप्पाच्या पेढीवर गेलो. म्हटलं, जिथं बिघडलं तिथंच दुरुस्त करावं. माणसं होती, मुद्दाम माणसांसमोरच बोललो, "चनबसप्पा, त्या दिवशी हॉटेलात माझ्याबरोबर होता तो माझा नातू. बिरप्पाचा मुलगा, गुरु."

चनबसप्पाने तागडी खाली ठेवली. "ठाऊक हाय की अण्णा. बारशाचे पेडे तुमीच आणून दिलता हितं."

"मग विचारलंत कशाला?"

"बोलाय कायतरी पाहिजे म्हणून. म्हटलं, नातवाला घिऊन बसलाय, कवतिक करावं." मग हळू आवाजात म्हणाला, "तुमी न्हाय म्हनलात, तवा मलाच लाज वाटली बगा. म्हटलं, आपुन इचारायलाच नगो हुतं. कुटं बोललो न्हाय म्या. घरात बी न्हाय."

ज्याच्या तोंडाला कुलूप नाही म्हणत होतो, त्याने माझी लाज झाकून ठेवली होती. ज्वारी लागणार नव्हती, तरी घेऊन आलो.

रविवार, ३० मार्च, पाडवा

बिरप्पा आला. गुढी उभारली, श्रीखंड आणलं. गुरु नुसती पुरी खाऊन उठला. जेवताना बिरप्पा पुण्याच्या शाळेचं सांगत होता. रुपाली हूं हूं करत होती. नको म्हणाली नाही.

तेवढ्यात गुरु येऊन माझ्या पाटापाशी उभा राहिला आणि तेच म्हणाला. खाकरून, हसून, सगळं.

बिरप्पा खदखदून हसला. "अण्णांचा आवाज! काय काढतो रे हुबेहूब! कुणाला म्हणालात हे अण्णा? कुठला पाव्हणा?"

राजाबाईने वाटी उगाच पुढं सरकवली. रुपालीने सांगायला हवं होतं, तिचा हक्क होता. ती म्हणाली, "असंच काहीतरी. गल्ल्यावर शंभर माणसं येतात." आणि मला श्रीखंड वाढलं. मी नको म्हणालो. तिने तेवढ्यावर हात मागं घेतला.

माझी लाज झाकणारा हा दुसरा माणूस. मी मात्र बिरप्पाला तरी कुठं सांगितलं? तो संध्याकाळी गाडीत बसला तरी नाही सांगितलं. स्टँडवर सोडायला गेलो होतो. एवढा वेळ होता.

मंगळवार, ८ एप्रिल

दुपारी भट्टीपेक्षा बाहेर जास्त तापतं. गुरु जिना उतरून आला, हातात माझ्या चपला. गल्ल्यासमोर ठेवल्या, नीट जोडून. म्हणाला, "पाव्हण्याचं हाय, पाव्हण्याचं."

दोन गिऱ्हाइकं हात धूत होती. माझा तोल गेला. "बास कर रे आता! किती दिवस म्हणणार? चुकलो की मी!" गुरुने कान झाकले. दोघांनी नळ बंद करून बघितलं.

रुपाली मागोमाग उतरली होती. गुरुला जवळ घेतलं नाही, नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली. मला म्हणाली, "मामा, तो तुम्हाला बोल लावत नाही."

"मग काय करतोय?"

"महिनाभर बघतेय मी. दर मंगळवारी म्हणतो. रस्त्यात डोशाचा वास आला की म्हणतो. तुमच्या चपला बघितल्या की म्हणतो. श्रावणी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला तिथं बरं वाटत होतं तेव्हा जे कानावर पडलं, तेच त्याचं त्या जागेचं नाव झालंय." चपलांकडं बोट केलं. "तो हॉटेलला चला म्हणतोय."

चपला तशाच समोर. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला थोडं लागू दे म्हटलं. ते माझं चुकलं. त्याचे मंगळवार त्यात गेले."

मी चपला घातल्या नाहीत. तिला सांगितलं, पुढच्या मंगळवारी नेतो, तू पाठवलंस तर. ती गुरुला वर घेऊन गेली.

रात्री बिरप्पाला फोन केला. सगळं सांगितलं. मागं पुण्याचा रस्ता ऐकू येत होता. मग म्हणाला, "बरं, अण्णा." एवढंच.

मंगळवार, १५ एप्रिल

रुपालीने गुरुला तयार करून खाली पाठवलं. स्वतः आली नाही.

वीरभद्रप्पा आम्हाला बघून उठला, माझी अट आठवली तसा परत बसला. आमचं टेबल रिकामं होतं. गुरु बसला, हात फडफडवले, आणि डोसा यायच्या आधीच माझ्या आवाजात ते सगळं म्हणाला. हॉटेल शांत होतं, भिंतीपर्यंत गेलं. पलीकडची बाई इडली मोडता मोडता थांबली. तिने गुरुकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज म्हाताऱ्याचा आणि तोंड पोराचं, कुणीही बघेल.

वीरभद्रप्पाने गल्ल्यावरून विचारलं, "काय म्हनतंय ते अण्णा? कुनाचं हाय म्हनतंय?"

विषय बदलायला मला किती येतं! ज्वारी, ऊन, गॅसची टाकी. सगळं जिभेवर आलं.

म्हणालो, "माझं बोलणं म्हणतंय. हितंच बसून मी ह्याला पाव्हण्याचा म्हणालो होतो, लाज वाटली म्हणून. ह्यो माझा नातू, वीरभद्रप्पा. गुरु."

वीरभद्रप्पाला अट पुन्हा आठवली. टेबलापाशी आला नाही, पुढं काही बोलला नाही. डोसा कोरडा आला, चटणी लांब. बाई परत इडलीकडं वळली. आकाश कोसळलं नाही. पंखा तेवढा करकरत राहिला.

डोसा संपेपर्यंत गुरुने आणखी दोनदा म्हटलं. तो खुशीत होता, हे आता मला कळतं. खुशीत असला की म्हणणार, माझ्याच आवाजात, त्या हसण्यासकट. कधी सुटेल? मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही, काही वाक्यं वर्षानुवर्षं राहतात. वाढप्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. शेजारी एकजण येऊन बसला, त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

घरी आल्यावर रुपालीने विचारलं, "जेवला?"

"सगळा. आणि बोलला."

"मग?"

"सांगितलं."

तिने माझ्याकडं नीट बघितलं. "जूनचं जूनमध्ये बघू," म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही ते त्यात ऐकू नये.

येतानाचं लिहायचं राहिलं. रिक्षात माझ्या खांद्याला डोकं टेकवून गुरु परत म्हणाला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "कुनाचं पोरगं म्हनलासा, अण्णा?"

मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. आमची भवानी पेठ आली, खानावळीपाशी रिक्षा थांबली, मीटर बंद झाला, तरी सांगत होतो.